पुस्तकं मुलांची, पसंती कोणाची?

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट उघडलं की वरच्या दोन खणांत काय असणार, हे विदर्भातला कोणताही शिक्षक न बघता सांगेल. थोर पुरुषांची सोळा-सोळा पानी चरित्रं, सगळी एका मापाची. बोधकथांचे चार-पाच संग्रह. सामान्यज्ञान, सुविचार, निबंधमाला. साहसकथा आणि रहस्यकथा असल्याच तर तळाच्या खणात, कोपरे दुमडलेल्या, पुठ्ठे निघालेल्या. वरची पुस्तकं मात्र कोरी करकरीत. मुलांना काय आवडतं याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठे मिळणार? पण खरेदीची यादी करताना तो कोणी बघत नाही. फाटकी पुस्तकं ‘खराब’ म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे दप्तरातून कमी करायच्या, यादीत जातात आणि त्यांच्या जागी पुन्हा सोळा पानी चरित्रं येऊन बसतात.

गावातल्या मुलांसाठी पुस्तकं घेताना मुलांचं मत रीतसर नोंदवलं पाहिजे आणि त्या नोंदीला खरेदीत वजन मिळालं पाहिजे, हा या लेखाचा मुद्दा. तसं झालं तर यादीत साहस आणि रहस्य आपोआप वर सरकेल. ते सरकू द्यावं, त्याला संस्काराच्या नावाखाली अडवू नये, हा त्याला जोडून येणारा आग्रह.

आधी पैशाचं बघू. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला शाळेच्या स्तरानुसार साधारण ५ हजार ते २० हजार रुपयांची तरतूद आहे. हा पैसा फार नाही, पण अगदीच क्षुल्लकही नाही. सरासरी ८० रुपयांचं पुस्तक धरलं तर १० हजारांत सव्वाशे पुस्तकं होतात. पहिली ते आठवीच्या साठ-सत्तर मुलांच्या शाळेला दरवर्षी एवढी भर पुरेशी आहे. अडचण निवडीत आहे. बऱ्याच वेळा पुस्तकं वरूनच ठरून येतात. शाळेला स्वतः घ्यायची असली तरी निधी हातात पडेपर्यंत आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं आणि ‘३१ मार्चच्या आत खर्च दाखवा’ असा निरोप येतो. अशा घाईत पुरवठादार जी छापील यादी पुढे करतो तीच शाळेची यादी होते. त्या यादीत काय भरायचं हे कमिशन ठरवतं. वाचणारा मुलगा किंवा मुलगी या साखळीत कुठेच नाही. बियाण्याची निवड शेतकऱ्याला न विचारता कोणी केली तर गावात गहजब होईल. इथे मात्र तेच वर्षानुवर्षं चाललंय आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

साहस आणि रहस्य यांचाच आग्रह का, तर वाचनाचा दमसास. आपल्याकडे तिसरी-चौथीपर्यंत मुलं अक्षरं जुळवून वाक्य वाचायला लागतात. खरी गळती त्यानंतर होते. धड्यातली तीन पानं वाचणारं मूल चाळीस पानांचं पुस्तक सलग वाचू शकत नाही, कारण चाळीस पानं सलग वाचण्याची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते. बोधकथा दीड पानात संपते. शेवट काय होणार हे मुलाला तिसऱ्या ओळीलाच कळलेलं असतं, म्हणून पान उलटण्याची निकड नाही. रहस्यकथेत पहिल्या प्रकरणात शाळेची घंटा गायब होते आणि ती कोणी नेली हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही. मधली पन्नास पानं ओढून नेण्याचं काम ती उत्सुकता करते. मूल अडखळतं, एखादा जोडशब्द सोडून देतं, संदर्भाने अर्थ लावतं, मागचं पान उघडून ‘हा तोच माणूस ना?’ असं ताडून बघतं. वाचन शिकवणारा कोणताही माणूस सांगेल की हीच ती कौशल्यं. रहस्यकथा ती गृहपाठ न वाटता करून घेते.

ज्यांना परीक्षेच्या भाषेतच पटतं त्यांच्यासाठी: सहावीच्या नवोदय प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, १०० गुणांचे. त्यातले भाषेचे २० प्रश्न, म्हणजे २५ गुण, उताऱ्यांवर असतात. चार अनोळखी उतारे झपाट्याने वाचून त्यातला धागा पकडायचा. गाइड पाठ करून ही गोष्ट येत नाही. पन्नास-साठ पानांच्या दहा-बारा गोष्टी पुऱ्या वाचलेल्या मुलाला तो उतारा लहान वाटतो.

आता आक्षेप. सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की रहस्यकथा मुलांना भेव घालतात, अंधश्रद्धा वाढवतात. हा आक्षेप वाचनापेक्षा मुखपृष्ठ बघून घेतलेला असतो, कारण चांगल्या रहस्यकथेचा नियम नेमका उलटा आहे. पडक्या वाड्यात रात्री दिवा दिसतो, गाव म्हणतं भूत आहे, आणि शेवटी तिथे चोरटा माल ठेवणारी दोन माणसं सापडतात. दिवा का दिसत होता, आवाज कशाचा होता, पावलं उलटी का उमटली, या प्रत्येकाला कारण द्यावंच लागतं. नाही दिलं तर वाचक पुस्तक फेकतो.

आता हे आपल्या भागात लावून बघा. घरावर दगड पडतात, दांडीवरच्या कपड्यांना आपोआप आग लागते, आणि ‘भानामती’ म्हणून गाव एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवतं. विदर्भाला हा प्रकार नवा नाही. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची सुरुवात १९८२ मध्ये नागपुरातच झाली आणि महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. भानामतीचा शोध घेणारे कार्यकर्ते काय करतात? दगड कोणत्या दिशेने आला, त्या वेळी घरात कोण कोण होतं, कोण नव्हतं, कोणाला यातून काय मिळतं, याची नोंद करतात. म्हणजे रहस्यकथेतली मुलं जे करतात तेच. ‘कोणी केलं असेल?’ हा प्रश्न विचारायची सवय दहाव्या वर्षी लागली तर ‘कशाने झालं असेल’ म्हणून अंगारा शोधायची वेळ कमी येते. या एका कारणासाठीसुद्धा विदर्भातल्या प्रत्येक शाळेत पंचवीस रहस्यकथा असाव्यात असं मी म्हणेन.

ज्या गोष्टीत भूत शेवटपर्यंत भूतच राहतं ती भूतकथा. तो वेगळा प्रकार. त्याचीही मजा आहे, पण ती पुस्तकं सहावीच्या पुढे द्यावीत आणि रहस्यकथेच्या खणात मिसळू नयेत. वयाचा अंदाज असा धरता येतो: पहिली ते तिसरीला हरवलेल्या वस्तूचं रहस्य पुरतं, म्हणजे डबा कोणी खाल्ला, अंगणातले ठसे कोणाचे. चौथी-पाचवीला चोरी, नकाशा, गुप्त खोली. सहावीच्या पुढे खोटी सही, तस्करी, फसवणूक. रेतीघाटावरून रात्री निघणारे ट्रॅक्टर आपल्या मुलांनी पाहिलेले असतात. त्यांना हे विषय जड जात नाहीत.

दुसरा आक्षेप दर्जाचा. या गोष्टींची भाषा उथळ, साहित्यिक मूल्य कमी. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी त्यांची फार दखल घेतली नाही, पण त्या पुस्तकांनी मराठी माणसांना भराभर वाचायची सवय लावली. सवय आधी लागते, चोखंदळपणा नंतर येतो. दर्जाची चिंता करणाऱ्यांनी वाईट रहस्यकथा काढून चांगल्या आणण्याचं काम करावं. रहस्यकथाच काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र आपल्या भागात खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. साहसकथा वाचून पोरं जंगलात जातील, अशी भीती पालक बोलून दाखवतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत वाघ ही गोष्टीतली कल्पना नाही. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत खाली वाकून काम करणाऱ्या माणसांवर हल्ले होतात हे तिथलं मूल जाणतं. म्हणूनच तिथल्या मुलांना खोट्या जंगलाच्या गोष्टी पटत नाहीत. चार मित्र टॉर्च घेऊन रात्री वाघाच्या गुहेत जातात आणि सकाळी हसत परत येतात, असं पुस्तक मीही घेऊ नये म्हणेन. त्याचं कारण ते धोकादायक आहे एवढंच नाही. ते वाईट लिहिलेलं आहे. चांगल्या साहसकथेत तयारी असते: पाणी किती घेतलं, दोर कुठे बांधला, कोणाला सांगून निघाले, अंधार पडायला किती वेळ उरला. निवड करताना हे तपासता येतं. पुस्तकातली मुलं घरी न सांगता निघाली असतील तर त्याची काही किंमत त्यांना गोष्टीत मोजावी लागते का, एवढं बघितलं तरी निम्मी पुस्तकं गाळली जातात.

मुलांचं मत घ्यायचं कसं, हा खरा कामाचा भाग. ‘पुस्तक आवडलं का?’ हा प्रश्न अजिबात विचारू नये. गुरुजींना बरं वाटावं म्हणून दहापैकी नऊ मुलं ‘हो’ लिहितात आणि त्या ‘हो’चा काही उपयोग नसतो. ए-फोर कागदाचे चार तुकडे करून चिठ्ठी करावी. वर पुस्तकाचं नाव आणि फक्त इयत्ता. मुलाचं नाव नको. खाली चार प्रश्न: कितव्या पानापर्यंत वाचलं? कुठे सोडवेना? काय खोटं वाटलं? हे पुस्तक कोणाला वाचायला देशील? चिठ्ठी डब्यात टाकायची, हातात द्यायची नाही. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांचं वरच्या वर्गातल्या मुलाने लिहून घ्यावं, आणि ते जसं बोलतील तसंच. मूल वऱ्हाडीत बोललं, झाडीबोलीत बोललं, तरी तसंच उतरवावं. चिठ्ठीवर लाल पेनाने शुद्धलेखन सुधारलं की पुढच्या आठवड्यात डबा रिकामा राहतो.

सगळ्यात मोलाचा प्रश्न पहिला. एका पुस्तकाच्या दहा चिठ्ठ्यांपैकी सहा-सात जण बाराव्या पानाच्या आत थांबले असतील तर दोष सुरुवातीचा आहे. थांबण्याची पानं विखुरलेली असतील, कोणी आठव्यावर तर कोणी तिसाव्यावर, तर पुस्तक त्या वयाला अवघड आहे. आणि सगळेच एकाच पानावर थांबले असतील तर आधी पुस्तक उघडून बघावं, पानं गहाळ असण्याची शक्यता जास्त. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापली जातात. एक फर्मा गळला किंवा उलटा लागला की गोष्ट तिथेच मरते. रहस्यकथेचा शेवटचा फर्मा नसणं म्हणजे पुस्तकच नसणं. खरेदीच्या वेळी पुस्तक ताब्यात घेताना पान १६-१७, ३२-३३, ४८-४९ हे सांधे आणि शेवटचं पान बघायला अर्धं मिनिट लागतं. बिल मंजूर झाल्यावर बदलून कोणी देत नाही.

चिठ्ठीसोबत देवघेव वहीही बोलते. पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आलं तर त्याचे दोन अर्थ होतात: एका बैठकीत संपलं किंवा उघडलंच नाही. चिठ्ठीतला पान क्रमांक त्याचा निकाल लावतो. वर्षात दोनदाही बाहेर न गेलेलं पुस्तक त्या शाळेत ठेवण्यात अर्थ नाही. ते केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या शाळेला द्यावं. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरतेच. तिथे प्रत्येक शाळेने वीस पुस्तकांची पेटी आणली आणि आपसांत बदलली, तर दहा शाळांच्या केंद्रात नवा रुपया न घालता वर्षभर नवीन पुस्तकं फिरत राहतात.

मुलांच्या मताला मर्यादाही आहेत. वर्गातला तोंडाळ मुलगा ज्याला भारी म्हणतो त्याला सगळे भारी म्हणतात. चकचकीत मुखपृष्ठ पहिल्या आठवड्यात नेहमी जिंकतं. जी मुलं वाचतच नाहीत त्यांच्या चिठ्ठ्या येत नाहीत, आणि खरं तर त्यांचंच मत आपल्याला हवं असतं. त्यांना तोंडी विचारावं: कोणतं पुस्तक उचललं होतं आणि परत का ठेवलं? शिवाय जे कधी पाहिलंच नाही ते मूल मागू शकत नाही. म्हणून खरेदीचा पाचवा हिस्सा शिक्षकाच्या आवडीला राखून ठेवावा. कविता, विज्ञान, चांगलं चरित्र, शिक्षकाला स्वतःला वाचताना मजा आलेलं काहीही. चरित्रांशी माझं वैर नाही. सोळा पानांत जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू उरकणाऱ्या चरित्रांशी आहे.

आता मुलं ज्या तक्रारी करतात त्या प्रकाशकांनी आणि लेखकांनीही ऐकाव्यात. पहिली तक्रार सुरुवातीची. ‘श्रावण महिना होता, सृष्टी हिरवीगार झाली होती’ असं अर्धं पान चालतं आणि मूल निघून जातं. पहिल्या दोन पानांत काहीतरी हरवलं, सापडलं, बिघडलं पाहिजे. दुसरी, नावांची गर्दी: पहिल्याच प्रकरणात सहा मुलं, त्यांची टोपणनावं, कुत्र्याचं नाव. चौथीचं मूल तिघा-चौघांपेक्षा जास्त जणांना एकदम धरून ठेवू शकत नाही. प्रकरणं लांब झाली तर गावात वाचन तुटतं, कारण मध्येच बकऱ्या आणायला जावं लागतं, पाणी भरावं लागतं, वीज जाते. पाचवीपर्यंत पाच ते सात पानांचं प्रकरण बरं पडतं, आठवीला दहा-बारा चालतात. आणि सगळ्यात रागाची तक्रार म्हणजे फसवणूक: जो गुन्हेगार शेवटी पकडला तो आधी गोष्टीत आलाच नव्हता, किंवा सुगावा फक्त लेखकाला माहीत होता. मुलं रहस्यकथेला खेळ मानतात आणि त्यात चिडी झालेली त्यांना चालत नाही. मुखपृष्ठावरच्या चित्रात चोर काढून ठेवणारे प्रकाशकही आहेत. त्यांना काय म्हणावं!

परदेशी गोष्टींच्या अनुवादांबद्दल मोठ्यांचा अंदाज सहसा चुकतो. गावातल्या मुलांना ते खाणं, ती घरं, तो बर्फ कळणार नाही असं मोठ्यांना वाटतं. मुलांना अनोळखी गोष्टींचं काही वाटत नाही, उलट त्याचीच गंमत असते. अडतं ते तीन ओळींच्या एका वाक्यात. अनुवाद घ्यायचा असेल तर मधलं कोणतंही पान उघडून मोठ्याने वाचावं. जिथे श्वास पुरत नाही तिथे मूलही थांबणार.

मूल स्वतः पुस्तक निवडत असेल तर त्याला पाच बोटांची युक्ती शिकवावी. मधलं एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर ते पुस्तक सध्या ठेवून द्यायचं. एकही बोट मिटलं नाही तर त्याहून मोठं उचलायचं. अक्षराचा आकारही बघावा लागतो. देवनागरीत वर-खाली मात्रा, उकार येतात, त्यामुळे बारा पॉइंटचा मजकूर दाटीचा वाटतो. दुसरी-तिसरीला अठरा, चौथी-पाचवीला चौदा-सोळा, त्यापुढे बारा-तेरा आणि ओळींत मोकळी जागा, हे प्रमाण धरावं.

एक तक्रार मुलं मोठ्याने करत नाहीत. जुन्या साहसकथांतला खलनायक बघा: काळा, दाढीवाला, गावाबाहेर पाल टाकून राहणारा भटका. कुठे ‘डाकूंची टोळी’, कुठे ढोल बडवत नाचणारे ‘जंगली लोक’. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. पुस्तकांत तो अजून चालूच आहे. अमरावती-यवतमाळच्या शाळांमध्ये पारधी बेड्यांवरची (वस्त्यांवरची) आणि बंजारा तांड्यांवरची मुलं बसतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंड आणि माडिया. आपल्यासारखं दिसणारं माणूस पुस्तकात फक्त चोर म्हणून येतं हे त्यांना कळतं आणि ती पुस्तक गुपचूप परत ठेवतात. चिठ्ठीतला ‘काय खोटं वाटलं?’ हा प्रश्न त्यांच्यासाठी आहे. त्या रकान्यात अशी तक्रार एका मुलाने जरी केली तरी ते पुस्तक शिक्षकाने स्वतः वाचून ठेवायचं की काढायचं ठरवावं. इथे बहुमत मोजू नये. मुलींचंही तसंच. टोळीतली मुलगी डबे भरण्यापुरतीच असेल तर सातवीच्या मुली ते बरोबर ओळखतात.

मराठी साहसकथेचा भूगोल बहुतेक पुण्यामुंबईचा, सह्याद्रीच्या किल्ल्यांचा आणि कोकणच्या किनाऱ्याचा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, शाळा पुण्यात. तो आपल्या मुलांनाही आवडतो, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की मूर्तिजापूर, आरमोरी, मेहकरचा त्याच्यासारखा कोणी का नाही? जागांची तर इथे रेलचेल आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या गावांना जोडणाऱ्या शकुंतला रेल्वेचा अरुंद मार्ग आणि त्याची ओस स्थानकं. १८०३ मध्ये इंग्रजांनी चढाई केलेला गाविलगड. डायनासोरचे जीवाश्म सापडलेलं चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा. झाडीपट्टीतल्या नाटकाचा रात्रभराचा तंबू. लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा अफवांचं पीक आलं. मग पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासले गेले आणि खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं असं निघालं. संशय, नमुना, तपास, उलगडा: रहस्यकथेचा सांगाडा तयार पडलेला आहे. विदर्भातल्या लेखकांनी मुलांसाठी लिहावं म्हणून भाषणं बरीच होतात. त्याऐवजी एखाद्या साहित्य संस्थेने वर्षाला दोन लेखकांना मानधन देऊन साठ-सत्तर पानांच्या रहस्यकथा लिहवून घ्याव्यात आणि छापण्याआधी हस्तलिखित तीन शाळांमध्ये या चिठ्ठ्यांसकट फिरवावं. मुलं ज्या पानावर थांबली ते पान पुन्हा लिहावं.

मालिका घेताना अख्खा संच घेऊ नये. पहिल्या भागाच्या तीन प्रती, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याची एक, आणि मग चिठ्ठ्या बघून पुढचं. वीस भागांचा संच आणला आणि पहिलाच भाग हरवला की बाकीचे एकोणीस पडून राहतात. भाग सुटे वाचता येत असले तरी मुलं पहिल्यापासूनच वाचायचा हट्ट धरतात. पैसे नसतील तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट आहेत आणि त्यांत क्रमशः कथा भरपूर सापडतात.

बांधणीबद्दल दोन गोष्टी. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात डिंक मऊ होतो, पुढे कडक होऊन तडकतो आणि पानं सुटी होतात. ऐंशी पानांवरचं पुस्तक शिलाईचंच घ्यावं. लहान पुस्तकं मधोमध पिन मारलेली बरी, पण पावसाळ्यात पिनेला गंज चढतो, म्हणून नव्या पुस्तकाची पिन काढून नायलॉनच्या दोऱ्याचे तीन टाके घालून ठेवावेत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, नाहीतर वाळवी आणि ओल दोन्ही थेट येतात. पुठ्ठे चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ वापरत असाल तर त्यात बाइंडर चिमूटभर मोरचूद घालतात, किडे लागू नयेत म्हणून. ते विषारी आहे, तेव्हा हे काम मुलांच्या हाती देऊ नये.

गावच्या सार्वजनिक वाचनालयांचं तर वेगळंच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता आणि अनुदान घेणारी ही वाचनालयं, गावात बहुधा क किंवा ड वर्गाची, म्हणजे खालच्या श्रेणीची. संध्याकाळी उघडतात, मोठी माणसं वर्तमानपत्र वाचतात, मुलांनी आत यावं असं तिथे काही नसतं. खालच्या दोन फळ्या मुलांच्या उंचीच्या आणि उघड्या ठेवल्या तरी फरक पडेल. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारी येणाऱ्या पोरांना आपण बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देतोच. वाचनालयाने त्या दिवशी बोजारा म्हणून वर्षभराचं फुकट सभासदत्व द्यावं.

शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप का लागतं, याचं उत्तर शिक्षकांच्या आळसात शोधू नये. पुस्तक हरवलं की लेखापरीक्षणात मुख्याध्यापकाला जाब द्यावा लागतो, भरपाई खिशातून जाते. असा नियम असेल तर कोणताही शहाणा माणूस कपाट बंदच ठेवेल. मागणी करायची तर ही करावी: बालपुस्तकांपैकी वर्षाला पाच टक्के पुस्तकं हरवली-फाटली तर कोणाचीही वसुली न करता निर्लेखन. वाचली जाणारी पुस्तकं फाटतात. वर्षभरात एकही पुस्तक न फाटलेलं कपाट आढळलं तर जाब त्याचा मागावा.

आणि हे कुलूप नेमकं उन्हाळ्यात लागतं. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणजे जवळपास दोन महिने, दुपारी बारा ते पाच मुलं घरात कोंडलेली असताना, पुस्तकं शाळेत कोंडलेली असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. एप्रिलच्या बैठकीत त्यांनी ठराव घ्यावा: कपाटातली निवडक शंभर पुस्तकं ग्रामपंचायतीच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत, किल्ली एका पालकाकडे, वहीवर सातवी-आठवीची दोन मुलं. सकाळी सात ते नऊ देवघेव, एका वेळी दोन पुस्तकं, तीन दिवसांनी बदलायची. ज्या घरची माणसं तेंदूपत्त्याला पहाटेच निघतात त्यांच्या मुलांसाठी संध्याकाळचा अर्धा तास वेगळा. चिठ्ठ्यांचा डबा तिथेच. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या मोजून खरेदीची यादी करावी, समितीची सही घेऊन फाइलला लावून ठेवावी. मग निधी फेब्रुवारीत आला आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा निरोप आला, तरी पुरवठादाराला ती यादी दाखवता येते आणि त्याची यादी त्याला परत देता येते.